डोक्यावरचा पडदा: निवडा चष्म्यासारखा, बसवा चष्म्यासारखा

सिनेमा, गेम आणि कामासाठी डोळ्यांवर चढवायच्या पडद्याच्या चष्म्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, '४ मीटर अंतरावर १३० इंची पडदा'. वाचल्यावर मनात थिएटर उभं राहतं. प्रत्यक्षात चष्मा डोळ्यांवर चढवला की पहिल्यांदा वापरणारे बरेच जण म्हणतात, 'एवढाच?'

जाहिरात खोटी नसते. आपल्या डोळ्याला इंच कळत नाहीत, कोन कळतो. ४ मीटरवरचा १३० इंची पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ४५ अंशांचा कोन व्यापतो. साधा २४ इंची मॉनिटर पाऊण मीटरवर ठेवला तर तोही तेवढाच कोन व्यापतो. त्यामुळे खरेदीआधीची पहिली चाचणी फुकटात होते. रात्री खोलीतले दिवे बंद करा, २४ इंची मॉनिटरवर सिनेमा लावा, डोळे आणि पडदा यांच्यात टेप धरून ७५ सेंटिमीटर अंतर ठेवा आणि दहा मिनिटं बघा. चष्म्यात दिसणार आहे ते साधारण एवढंच. हे पुरेसं वाटलं तर पुढे वाचा. 'याहून मोठं हवं' असं वाटलं तरी वाचा, कारण मग तुमचं यंत्र वेगळं आहे.

ही यंत्रं टीव्हीच्या भाषेत विकली जातात: इंच, पिक्सेल, हर्ट्झ. पण ती वापरात राहतात की कपाटात जातात हे ठरतं तुमच्या डोळ्यांच्या नंबरावर, नाकाच्या ठेवणीवर आणि मानेच्या सहनशक्तीवर. म्हणून या लेखात पिक्सेलपेक्षा नाकाबद्दल जास्त लिहिलं आहे.

वजनाचं दुखणं जुनंच. १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी हार्वर्डमध्ये डोक्यावर घालायचा पडदा बनवला, तेव्हा तो छतापासून येणाऱ्या दांड्याला जोडलेला होता. डोक्यावर टांगती तलवार असावी तसा, म्हणून त्या जोडणीला 'डॅमोक्लिजची तलवार' असंच नाव पडलं. २०११ मध्ये सोनीने खास सिनेमासाठी काढलेला एचएमझेड-टी१ सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास होता आणि त्याचा बराचसा भार कपाळावर यायचा. आज चष्म्यासारखे दिसणारे पडदे ७०–८० ग्रॅमवर आले आहेत. तरीही साध्या चष्म्याच्या दोन-तीन पट वजन नाकावर येतंच.

आधी जात ओळखा

बाजारात दोन जाती आहेत आणि दुकानात त्या शेजारी-शेजारी मांडलेल्या असतात, म्हणून गोंधळ होतो.

पहिली, केबलचे चष्मे. एक्सरिअल, व्हिचर, रोकिड ही यातली ओळखीची नावं. भुवईपाशी दोन इवलेसे ओलेड पडदे असतात. त्यांचं चित्र अर्धपारदर्शक आरशावरून डोळ्यात येतं. बहुतेकांत बॅटरी नसते आणि सिनेमा चालवण्याची स्वतःची सोयही नसते. फोन, लॅपटॉप किंवा गेमच्या यंत्राला केबलने जोडायचे, की तो मॉनिटर झाला. आरशातून पलीकडचंही दिसतं, त्यामुळे या चष्म्यात काळा रंग म्हणजे खरं तर 'काहीच नाही'. सिनेमातल्या काळोख्या प्रसंगात नायकाच्या मागे तुमचं कपाट दिसू लागतं. यावर उपाय आहे, तो पुढे येईल.

दुसरी, बंदिस्त हेडसेट. मेटा क्वेस्ट ३, प्लेस्टेशन व्हीआर२, ॲपल व्हिजन प्रो वगैरे. यांत बाहेरचं थेट काहीच दिसत नाही. दिसलंच तर कॅमेऱ्यांतून. दृष्टीचा १०० अंशांच्या आसपासचा पट्टा चित्राने भरतो आणि मान वळवाल तिकडे जग असतं. वजन ५०० ग्रॅमच्या पुढे. व्हिजन प्रो तर ६०० च्याही वर, आणि त्याची बॅटरी वेगळी, खिशात ठेवायची.

आता एक गोष्ट उलटी वाटेल. क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्याला २०६४ × २२०८ पिक्सेल, बहुतेक चष्म्यांत फक्त १९२० × १०८०. तरी अक्षरं चष्म्यात जास्त रेखीव दिसतात. कारण पुन्हा कोनच. चष्म्यातले १९२० पिक्सेल जेमतेम ४० अंशांत बसवलेले असतात, म्हणजे अंशाला ४८. क्वेस्ट ३ मध्ये तेवढेच पिक्सेल कितीतरी मोठ्या पट्ट्यावर पसरतात आणि अंशाला साधारण २५ पडतात. निरोगी डोळा अंशाला सुमारे ६० पर्यंत फरक ओळखतो. लोणी तेवढंच, भाकरी मोठी. म्हणून नुसता पिक्सेलचा आकडा बघून निर्णय घेऊ नका. आकड्याला कोनाने भागा.

माझा सल्ला सरळ आहे. पडून सिनेमे बघायचे, प्रवासात वापरायचा, हातातल्या गेमयंत्राला मोठा पडदा हवा: चष्मा. ज्यात हात-पाय हलवायचे, वाकून टेबलाखाली बघायचं असे खरे व्हीआर (आभासी जगातले) गेम खेळायचे: हेडसेट, आणि त्याला पर्याय नाही. कामासाठी दोन्ही चालतात, पण दोन्हींच्या कटकटी वेगळ्या. 'तिन्हीसाठी एकच' शोधायला गेलात तर दुधाची तहान ताकावर भागवावी लागेल.

पैसे देण्याआधी भोक तपासा

चष्मा घेणाऱ्यांचा सगळ्यात मोठा अपेक्षाभंग इथे होतो. फोनला यूएसबी-सीचं गोल कडांचं भोक आहे म्हणून चष्मा चालेलच असं नाही. त्या भोकातून चित्र बाहेर पडण्याची सोय लागते. तिला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. बऱ्याच स्वस्त आणि मधल्या किमतीच्या अँड्रॉइड फोनमध्ये ती नसते. भोक तसंच दिसतं, पण त्यातून फक्त चार्जिंग आणि फाइल्स जातात. आयफोनमध्ये ही सोय २०२३ च्या १५ मालिकेपासून आली. त्याआधीच्या लायटनिंगवाल्या आयफोनला अडॅप्टरची माळ लावावी लागते.

तपासायची खात्रीची पद्धत: ज्याच्याकडे यूएसबी-सी मॉनिटर आहे त्याच्याकडे जा, मॉनिटरसोबत आलेल्या केबलने फोन जोडा. फोनचा पडदा मॉनिटरवर आला, तर चष्म्यातही येईल. फोनच्या चार्जरची केबल वापरून ही परीक्षा घेऊ नका. त्यातल्या बहुतेक केबलमध्ये चित्रासाठीच्या तारा नसतात आणि चांगला फोन उगाच नापास होतो. मी स्वतः चष्मा 'बंद पडला' म्हणून परत पाठवायला पुन्हा खोक्यात भरला होता. दोष टेबलावरून घाईत उचललेल्या भलत्याच केबलचा होता.

लॅपटॉपवर भोकाशेजारी इंग्रजी डी किंवा विजेचं चिन्ह असेल तर बहुधा चित्र बाहेर येतं. हातात धरायचं गेमयंत्र स्टीम डेक थेट चालतं. पहिला निन्टेन्डो स्विच थेट चालत नाही, त्याला डॉकचं, म्हणजे टीव्हीला जोडायच्या त्याच्या ठाणाचं, काम करणारा अडॅप्टर लागतो. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स एचडीएमआयचे, त्यामुळे मध्ये असा कन्व्हर्टर हवा, जो चित्राबरोबर चष्म्याला वीजही देईल. एचडीएमआयची केबल स्वतःहून चष्मा चालवण्याइतकी वीज देत नाही.

चष्मा फोनचीच बॅटरी पितो. लांबचा सिनेमा बघायचा असेल तर चित्र आणि चार्जिंग एकाच वेळी करणारा छोटा हब घ्या आणि त्याला पॉवर बँक जोडा.

डोळ्यांचा हिशेब

पडदा डोळ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर असला तरी भिंगांमुळे डोळ्याला तो लांब, चष्म्यात काही मीटरवर आणि हेडसेटमध्ये साधारण एक-दोन मीटरवर असल्यासारखा भासतो. 'जवळचं मला दिसतं, मग नंबर कशाला?' हा हिशेब म्हणून चुकतो. उणे ३ नंबर असलेल्याला सुमारे ३३ सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं. त्याच्या दृष्टीने हा पडदा खोलीच्या त्या टोकाला आहे. लांबचं बघायला चष्मा लागत असेल तर इथेही लागेलच.

उलट, चाळिशीनंतर फक्त वाचनाचा चष्मा लागलेल्यांची इथे चैन असते. चित्र लांब असल्यामुळे वाचनाचा चष्मा बहुधा लागत नाही. मात्र कीबोर्डवरची अक्षरं पुसटच राहतात.

नंबरवाल्यांसाठी मार्ग असे. काही चष्म्यांच्या वरच्या कडेला दोन चाकं असतात. ती फिरवून प्रत्येक डोळ्याचा उणे नंबर लावता येतो, साधारण उणे पाचपर्यंत. सोय उत्तम, पण यातून सिलिंड्रिकल नंबर दुरुस्त होत नाही. तो पाऊणच्या वर असेल तर अक्षरांना सावली राहील. अशांनी आत बसवायची नंबरची भिंगं करून घ्यावीत. ऑप्टिशियनला 'फक्त लांबचा, एकाच नंबरचा चष्मा हवा' असं सांगा. प्रोग्रेसिव्ह भिंगं इथे त्रास देतात, कारण लांबचं दिसणारा पट्टा वर असतो आणि पडद्याचा खालचा भाग जवळच्या पट्ट्यात जातो. काँटॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना काहीच करावं लागत नाही. हेडसेटमध्ये आपला नेहमीचा चष्मा घालून बसता येतं, पण त्यासोबत आलेली अंतर वाढवायची रिंग किंवा सोय जरूर वापरा. चष्म्याची काच आतल्या भिंगावर घासली की ओरखडा कायमचा.

यानंतर दोन बाहुल्यांमधलं अंतर, आयपीडी. मोठ्या माणसांत ते बहुतेक ५४ ते ७४ मिलिमीटरांत असतं, सरासरी ६३ च्या आसपास. ऑप्टिशियन मोजून देतो, घरीही जमतं. आरशासमोर वीतभर अंतरावर उभे राहा, मिलिमीटरची पट्टी भुवयांवर आडवी धरा. उजवा डोळा मिटा, डाव्या बाहुलीच्या मध्यावर शून्य आणा. पट्टी आणि डोकं न हलवता डावा मिटा, उजवा उघडा, उजव्या बाहुलीच्या मध्यावरचा आकडा वाचा. तीनदा मोजा आणि मधला आकडा घ्या.

हा आकडा खरेदीआधीच हवा. क्वेस्ट ३ चं चाक ५८ ते ७१ मिलिमीटरपर्यंत फिरतं. चष्म्यांत बहुधा चाक नसतं, काही मॉडेलं दोन मापांत मिळतात. तुमचा आकडा ५६ किंवा ७३ असेल तर परत करण्याची मुभा असेल तिथूनच घ्या. कडा पुसट दिसणं आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकणं, याचं कारण बऱ्याचदा हेच निघतं.

तिरळेपणा असेल किंवा एक डोळा अधू असेल, तर थ्रीडी आणि व्हीआर आधी नेत्रतज्ज्ञांना विचारून. सपाट सिनेमा त्या मानाने सोपा असतो.

पहिली संध्याकाळ फक्त बसवण्यात घालवा

इथेच उतावळेपणा नडतो. खोकं उघडलं की लगेच सिनेमा लावायचा, कडा कापल्या गेल्या की म्हणायचं 'काही खास नाही'. पहिले दोन तास फक्त मापं जुळवण्यासाठी ठेवा.

चष्म्यासोबत नाकाच्या दोन-तीन मापांच्या गाद्या येतात. लॅपटॉप जोडा, पडद्यावर अशी काहीतरी फाइल उघडा जिच्या चारही कोपऱ्यांत बारीक अक्षरं असतील. मान स्थिर ठेवून फक्त नजर फिरवा. चारही कोपरे एकाच वेळी पूर्ण दिसले पाहिजेत. वरची किंवा खालची कड कापली जात असेल तर दुसरी गादी लावा. त्यानेही जमलं नाही तर कानाजवळच्या दांड्याचा कल एक खटका वर-खाली करा. काहींच्या बाबतीत तिसऱ्या-चौथ्या जोडीला जमतं. एकही गादी जमली नाही, तर ते मॉडेल तुमच्या नाकासाठी नाही. यात तुमचीही चूक नाही आणि यंत्राचीही.

हेडसेटचा क्रम वेगळा. सगळे पट्टे आधी सैल करा. मागचा पट्टा डोक्याच्या मागे, कवटीचा उंचवटा संपून मान सुरू होते तिथे अडकवा आणि मग पुढचा भाग डोळ्यांवर आणा. आता बाजूचे पट्टे हलके आवळा आणि वरचा पट्टा असा ओढा की वजन त्याने उचललं पाहिजे. नवखे लोक बाजूचे पट्टेच करकचून आवळतात. मग गालांवर लाल वळ उठतात आणि तरी हेडसेट खाली घसरतो. अंबाडा किंवा पोनीटेल मागच्या पट्ट्यांमधल्या फटीतून बाहेर काढा. बसवून झाल्यावर हेडसेट दोन्ही हातांनी मिलिमीटरभर वर-खाली सरकवत राहा. एका जागी अक्षरं एकदम लख्ख होतात. तिथे थांबा आणि मग आयपीडीचं चाक आपल्या आकड्यावर आणा.

मऊ कापडी पट्टा येत असेल तर काही दिवसांनी मागे बॅटरी असलेला कडक पट्टा घेण्याचा विचार करा. वजन वाढतं, तरी हलकं वाटतं. समोरचा भार मागच्या भाराने तोलला जातो आणि मानेच्या स्नायूंना सतत ओढून धरावं लागत नाही.

पहिला आठवडा एका बैठकीत वीस-पंचवीस मिनिटांवर जाऊ नका. डोळ्यांना इथे एक नवीन गोष्ट शिकावी लागते. एरवी जवळची वस्तू बघताना दोन्ही डोळे आत वळतात आणि भिंग जवळ फोकस करतं, दोन्ही एकत्र. इथे फोकस एकाच अंतरावर खिळलेला असतो आणि डोळे मात्र चित्रातल्या अंतरानुसार वळत राहतात. या ओढाताणीने डोळे थकतात, म्हणून सुरुवातीला थोडं थोडं.

सिनेमा

सगळ्यात कमी कटकट इथे. चष्म्यासोबत येणारं काळं झाकण पुढून लावा, नाहीतर खोलीत अंधार करा. नायकामागचं कपाट नाहीसं होतं. काही मॉडेलांत बटण दाबून काच काळी करता येते. नंतर ब्राइटनेस कमी करा. सगळे उलट करतात, उजेडात बसून ब्राइटनेस वाढवतात आणि तासाभरात डोळे चुरचुरतात.

रिफ्रेश रेटचा, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र ताजं करतो त्याचा, एक बारकावा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. ७२ आणि १२० हर्ट्झला २४ ने पूर्ण भाग जातो, ६० आणि ९० ला जात नाही. कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा चित्र अडखळल्यासारखं वाटत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ७२ किंवा १२० करून बघा. ज्यांना हे कधी खुपलं नाही त्यांनी मुद्दाम शोधायला जाऊ नये, एकदा दिसलं की दिसतच राहतं.

स्ट्रीमिंग ॲपमध्ये आवाज येतो आणि चित्र काळं? तो बिघाड नसून चोरीविरोधी संरक्षण असतं. मधला अडॅप्टर ते पाळत नसेल तर ॲप चित्र अडवतं. अडॅप्टर काढून थेट जोडा किंवा संरक्षण पाळणारा अडॅप्टर घ्या.

थ्रीडी सिनेमासाठी फाइल डाव्या-उजव्या जोडचित्राची लागते आणि चष्मा थ्रीडी मोडमध्ये न्यावा लागतो, बहुधा एखादं बटण दाबून धरून. तेव्हा पडद्याची रुंदी १९२० वरून ३८४० पिक्सेल होते आणि प्रत्येक डोळ्याला आपला अर्धा भाग मिळतो. मोड बदलला नाही तर एकाच दृश्याच्या दोन चपट्या प्रती शेजारी-शेजारी दिसतात. घाबरू नका, बटण दाबा.

पडून बघणाऱ्यांनी आपला पडदा 'चिकटलेला' आहे की 'रोवलेला' ते बघावं. साध्या चष्म्यात तो नजरेला चिकटलेला असतो, डोकं हललं की तोही हलतो. काही चष्मे तो हवेत एका जागी रोवतात. कामाला रोवलेला छान. पण चालत्या गाडीत गाडीचं वळण चष्म्याला डोक्याचं वळण वाटतं आणि पडदा हळूहळू खिडकीकडे सरकू लागतो. प्रवासात चिकटलेला मोड लावा. हेडसेटमध्ये प्रवासासाठी वेगळा मोड असला तर तो वापरा.

चष्म्याच्या दांड्यातले स्पीकर उघडे असतात. शांत जागी शेजारच्याला ऐकू जातं, इअरफोन बरे.

गेम

सपाट गेम म्हणजे नेहमीचेच गेम, फक्त पडदा डोळ्यांवर. कंट्रोलर हातात, चष्मा डोळ्यांवर, झालं. एकच पथ्य: ब्लूटूथ इअरफोनचा आवाज किंचित उशिरा येतो. सिनेमाचं ॲप ते सावरून घेतं, गेम सावरत नाही. तारेचे वापरा.

खरे व्हीआर गेम ही निराळी गोष्ट. आधी जागा: फिरून खेळायला किमान २ मीटर × २ मीटर रिकामी. हेडसेट जमिनीवर हद्द आखायला सांगतो, ती भिंतीला घासून आखू नका, हातभर आत आखा. हद्द पायांसाठी असते, हात तिच्या बाहेर जातातच. डोक्यावरचा दिवा किंवा पंखा हात उंच केल्यावर किती लांब राहतो ते आधी बघा. कंट्रोलरची दोरी मनगटात अडकवाच. पायाखाली छोटी सतरंजी टाकली तर मध्य कुठे आहे ते पावलांना कळतं, ही युक्ती कुठल्याही सेटिंगपेक्षा उपयोगी. आणि घरच्यांना सांगून ठेवा: हेडसेट घातलेल्या माणसाला मागून हात लावायचा नाही, आधी नाव घेऊन हाक मारायची.

आता मळमळ. याला मराठीत आयता शब्द आहे, गाडी लागणे. गाडीत कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो 'हलतोय' आणि पुस्तकात बघणारे डोळे म्हणतात 'स्थिर आहे'. व्हीआरमध्ये नेमकं उलट, डोळे धावतायत आणि शरीर जागेवर. भांडण तेच, परिणाम तोच.

यात एकच नियम पाळायचा: पहिल्या खुणेला थांबायचं. जांभया, कपाळावर गार घाम, तोंडाला सुटलेलं पाणी, यांपैकी काहीही जाणवलं की हेडसेट काढा. 'अजून पाच मिनिटं, सवय होईल' हा हट्ट उलटतो. पाच मिनिटं ताणलीत तर ती मळमळ तास-दोन तास टिकते, आणि पुढच्या वेळी हेडसेट बघूनच पोटात ढवळू लागतं. थांबलात, पूर्ण बरं वाटल्यावर, हवं तर दुसऱ्या दिवशी, पुन्हा थोडं खेळलात तर सहनशक्ती हळूहळू वाढते. ती वाढते ती थोडक्या, सुखाने संपलेल्या बैठकांमुळे.

गेमचा क्रमही तसाच ठेवा. आधी असे गेम, ज्यांत तुम्ही जागेवर आणि वस्तू तुमच्याकडे येतात. मग असे, ज्यांत खुणेने एका जागेहून दुसऱ्या जागी उडी मारता येते. वळणं सलग न ठेवता टप्प्याटप्प्याची ठेवा आणि चालताना कडा काळ्या करणारा पर्याय चालू ठेवा. विमान किंवा गाडी चालवण्याचे गेम बसून खेळता येतात आणि भोवतीची स्थिर चौकट मदत करते. कंट्रोलरच्या काठीने सलग पळणं-वळणं सगळ्यात शेवटी. समोरून टेबलफॅनचा वारा घ्या. घाम येत नाही आणि तोंड कुठल्या दिशेला आहे तेही कळत राहतं. खेळून उठल्या उठल्या वाहन चालवायला जाऊ नका.

संगणकावरचे व्हीआर गेम वाय-फायवरून हेडसेटमध्ये आणायचे असतील तर संगणक राउटरला तारेने जोडा, फक्त हेडसेट वाय-फायवर ठेवा, ५ गिगाहर्ट्झवर, आणि राउटर त्याच खोलीत. चित्र अडखळण्याचे बहुतेक प्रश्न इथेच संपतात.

काम

इथे मी जरा हात राखून बोलणार आहे. जाहिरातीत माणूस हवेत पाच खिडक्या मांडून बसलेला दिसतो. वापरात दोनच्या वर खिडक्या टिकत नाहीत, कारण प्रत्येक वेळी मान फिरवावी लागते आणि मानेवर वजन असतं.

जे खरंच जमतं ते असं. चष्मा लॅपटॉपला जोडा, अक्षरांचं स्केलिंग १२५ ते १५० टक्के करा, गडद पार्श्वभूमी घ्या. गडद भाग पारदर्शक राहत असल्यामुळे डोळ्यांवर उजेडाचा मारा कमी होतो. कडांपाशी अक्षरं किंचित मऊ होतात, म्हणून मुख्य खिडकी मध्यावर, कडांना मोकळी जागा. पडदा रोवता येत असेल तर तो नजरेच्या किंचित खाली रोवा. चष्म्याखालच्या फटीतून कीबोर्ड दिसतो, हा चष्म्याचा मोठा फायदा. हेडसेटमध्ये कीबोर्ड कॅमेऱ्यातून बघावा लागतो आणि तो थोडा दाणेदार दिसतो. न बघता टाइप करता येत नसेल तर हेडसेटवर लेखनाचं काम करायला जाऊच नका. हेडसेटमध्ये खिडक्या किमान हात-दीड हात लांब ठेवा. नाकासमोर ओढून आणलेली खिडकी डोळे लवकर थकवते.

पाऊण तास काम, मग काढून ठेवा आणि लांब कुठेतरी बघा. पापण्या मुद्दाम मिटा, पडद्याकडे बघताना आपण त्या कमी मिटतो.

शेजारच्याला तुमचा पडदा दिसत नाही, हे प्रवासात सोन्यासारखं आहे. पण आरशाच्या चष्म्यातून थोडा उजेड पुढेही गळतो आणि समोर बसलेल्याला अंधुक, उलटं चित्र दिसू शकतं. गोपनीय काही असेल तर पुढचं काळं झाकण लावा. व्हिडिओ बैठकीला चष्मा काढावा लागतो, नाहीतर काळा गॉगल लावून आल्यासारखे दिसता.

कोणी वापरू नये, आणि जपायचं कसं

उत्पादकांनी वयाच्या अटी घातलेल्या असतात: मेटा १० वर्षांपासून, पालकांच्या खात्याखाली. सोनी १२, ॲपल १३. लुकलुकत्या उजेडाने झटके येत असतील तर हे यंत्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पेसमेकर असेल तरीही आधी विचारा, कारण या यंत्रांत चुंबक असतात. रस्त्यावर चालताना कुठलाच वापरू नका, पारदर्शक असला तरी.

भिंगं कोरड्या मायक्रोफायबर कापडाने, मध्यापासून कडेकडे गोल फिरवत पुसा. अल्कोहोल, सॅनिटायझर, काच पुसायचा द्रव, शर्टाचं टोक, काहीच नको. चेहऱ्याला लागणारी गादी वेगळी काढून पुसा आणि ती पूर्ण वाळल्यावरच बसवा. चष्म्याची केबल दांड्याभोवती गुंडाळून ठेवू नका, तारा सगळ्यात आधी त्या वळणावर तुटतात.

आणि ऊन. भिंग उलट्या बाजूनेही भिंगच असतं. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल तसंच, खिडकीतून आलेला सूर्यप्रकाश हेडसेटच्या भिंगांवर पडला तर तो आतल्या पडद्यावर एकवटतो आणि काही क्षणांत तिथे कायमचा डाग पाडू शकतो. उन्हात काही सेकंद ठेवणंसुद्धा टाळा. हेडसेट काढल्यावर भिंगांवर कापडी झाकण टाका किंवा तो पिशवीत घाला. खिडकीजवळच्या टेबलावर सकाळी सावली असते म्हणून विसंबू नका, दुपारी ऊन तिथेच सरकतं.